नाक्सोस बेटावर एकट्याने, काहीच न ठरवता: पहिल्या दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसला निघालेल्या मराठी मंडळींकडून, विशेषतः एकट्याने फिरणाऱ्यांकडून, सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बेट एकच घेतलं आहे, नाक्सोस. खोली आणि गाडी बुक केलेली नाही, यादी केलेली नाही आणि सकाळच्या बोटीने दुपारी पोचायचं आहे, असं धरून उत्तरं दिली आहेत.

एवढी बेटं असताना नाक्सोसच का?

ठरवून न आलेल्या माणसाला हे बेट सांभाळून घेतं. बोट लागते ती थेट होरा या मुख्य गावात. धक्क्यावरून बाहेर पडलं की समोरच बसथांबा, पाच मिनिटांवर खाणावळी, पंधरा मिनिटांवर वाळूचा किनारा. सँटोरिनीत बोट कड्याच्या तळाशी लागते आणि वर गावात जायला लगेच वाहन शोधावं लागतं. तिथे पहिला तास धावपळीत जातो. शिवाय नाक्सोस हे किक्लाडीस द्वीपसमूहातलं सर्वात मोठं बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं. इथे शेती आहे, गुरं आहेत, बटाटा पिकतो. त्यामुळे जेवण ताजं आणि तुलनेने स्वस्त मिळतं.

शेंगेन व्हिसावर ‘न ठरवता’ जाता येतं का?

येतं, पण हद्दीत राहून. व्हिसासाठी राहण्याची सोय, परतीचं तिकीट आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. अथेन्सला उतरल्यावर अधिकारी हेच कागद पुन्हा मागू शकतात. म्हणून अथेन्समधली पहिली रात्र पक्की ठेवा आणि कागदांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. व्हिसाच्या अर्जात दाखवलेल्या कार्यक्रमात बेटाचे दिवस धरलेले असू द्या. त्या दिवसांत काय करायचं ते मात्र मोकळं राहू द्या. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे. तिथे रांग लांबू शकते, त्यामुळे विमान उतरल्यावर तीन तासांत सुटणारी बोट धरायचा हट्ट करू नका.

विमानतळावरून बोटीपर्यंत कसं जायचं?

मेट्रोची निळी लाइन, म्हणजे लाइन ३, आता विमानतळावरून थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते. साधारण तासाभराचा प्रवास, तिकीट ९ युरो. रात्री मेट्रो बंद असताना एक्स ९६ ही बस चोवीस तास चालते. बंदर फार मोठं आहे. गेटांना ई १, ई २ असे क्रमांक आहेत आणि टोकाची गेटं एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटर लांब आहेत. नाक्सोसच्या मोठ्या बोटी बहुतेक वेळा मेट्रो स्टेशनजवळच्या ई ६–ई ७ च्या बाजूने सुटतात, पण तिकिटावर किंवा आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये गेट तपासूनच चाला. धक्क्यावर पाऊण तास आधी पोचा.

साधी बोट की वेगवान बोट?

साधी. मोठी बोट पाच ते साडेपाच तास घेते, भाडं पन्नास युरोंच्या आत-बाहेर, आणि वर मोकळ्या डेकवर बसता येतं. वेगवान बोट साडेतीन-चार तासांत पोचवते, पण भाडं दीडपट ते दुप्पट, लाटांत ती जास्त हलते आणि वारा वाढला की आधी तीच रद्द होते. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच असावं.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. खोली ठरलेली नसेल तर सकाळची सव्वासात-साडेसातच्या सुमाराची बोट घ्या. संध्याकाळच्या बोटीने रात्री अकराच्या आसपास पोचाल, आणि त्या वेळी अनोळखी गावात खोली शोधणं हा या सहलीतला सगळ्यात वाईट तास ठरू शकतो.

बोटीवरून उतरताना काय चुकतं?

चुकीच्या बेटावर उतरणं! अनेक बोटी नाक्सोसच्या आधी पारोसला थांबतात. कधी त्याच्याही आधी सिरोस लागतं. घोषणा आधी ग्रीकमध्ये आणि मग इंग्रजीत होते, त्यातच पंख्यांचा आवाज. म्हणून पाटीवरची अक्षरं ओळखायला शिका. मोठ्या लिपीत ‘नाक्सोस’ लिहिलेलं असतं तेव्हा मधलं अक्षर म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. ‘पारोस’चं पहिलं अक्षर दाराच्या चौकटीसारखं दिसतं: दोन उभे खांब, वर एक आडवी पट्टी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सामान खालच्या मजल्यावर, गाड्या उभ्या असतात तिथल्या कप्प्यांत ठेवतात. कप्प्यांवर बेटांची नावं असतात. आपल्या बेटाच्या कप्प्यातच बॅग ठेवा. पासपोर्ट, औषधं आणि पैसे मात्र वर सोबत न्या, कारण वाटेत खाली जाऊ देत नाहीत. बोट बंदरात थोडाच वेळ थांबते. घोषणा झाली की लगेच खाली उतरा. मागचा लोखंडी उतार बोट पूर्ण थांबण्याआधीच खाली येऊ लागतो आणि गर्दी पुढे सरकते. ओल्या पत्र्यावर चाकाची बॅग घसरते, म्हणून ती उचलून घ्या.

उतरल्यावर पहिल्या तासात काय करायचं?

चार गोष्टी, याच क्रमाने. आधी गर्दी ओसरू द्या. दहा मिनिटं सावलीत थांबा, पाणी प्या. मग बसथांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. तिसरं, परतीच्या बोटीचं तिकीट नसेल तर धक्क्यासमोरच्या तिकीट कचेरीत निदान पुढच्या तीन दिवसांच्या वेळा विचारा. चौथं, खोली. या चार गोष्टी आटोपल्या की पुढचा दिवस खरोखर मोकळा होतो. यातलं एक जरी बाकी राहिलं तर संध्याकाळी सूर्यास्त बघताना डोक्यात तेच घोळत राहतं.

खोली आधी बुक न करता मिळते का?

मे, जून, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बहुतेक वेळा मिळते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत हा धोका पत्करू नका. १५ ऑगस्टला मरियमचा मोठा सण असतो. त्या आठवड्यात अर्धं अथेन्स बेटांवर आलेलं असतं आणि खोली मिळणं जवळपास अशक्य होतं. नोव्हेंबर ते मार्च उलट अडचण, अनेक घरं आणि हॉटेलं बंदच असतात.

बोट लागते तेव्हा काही घरमालक खोल्यांच्या पाट्या घेऊन उभे असतात. यात वावगं काही नाही, ही जुनीच पद्धत आहे. पण गाडीत बसण्याआधी नकाशावर जागा दाखवायला सांगा. ‘समुद्राजवळ’ या शब्दाचा अर्थ पाच किलोमीटर असू शकतो. पहिल्या रात्रीसाठी होरा गावातलं किंवा आयिओस योर्यिओस किनाऱ्याच्या आसपासचं घर घ्या, म्हणजे वाहनाशिवाय सगळं भागतं. खोली आधी बघा, एसी लावून बघा, गरम पाणी येतं का पाहा, आणि भाडं एका रात्रीचं की माणशी ते स्पष्ट करून घ्या.

भाड्याशिवाय सरकारचा हवामान कर दर खोलीमागे, दर रात्री द्यावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरात तो एक-दोन तारे असलेल्या हॉटेलांत २ युरो, तीन ताऱ्यांना ५, चार ताऱ्यांना १० आणि पाच ताऱ्यांना १५ युरो आहे. एकट्याला तो वाटून घेता येत नाही, म्हणून भाव ठरवतानाच धरा.

आणि हो, टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. मैलापाण्याचे पाइप अरुंद असतात, लगेच तुंबतात. जेट स्प्रे क्वचितच असतो, तेव्हा प्रवासातला लोटा किंवा बाटली उपयोगी पडते.

खोली तीन वाजता मिळणार. तोवर सामानाचं काय?

घरमालकाला विचारा, बॅग बहुतेक जण ठेवून घेतात. नाहीतर बंदरासमोर सामान ठेवून घेणारी दुकानं आहेत. चाकांची बॅग ओढत जुन्या गावात शिरू नका, तिथे फक्त पायऱ्या आणि दगडी फरशी आहे.

पहिल्याच दिवशी स्कूटर घ्यावी का?

आमचं स्पष्ट मत: नाही.

भारतीय लायसन्सवर ग्रीसमध्ये वाहन चालवायला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो फक्त भारतात, आपल्या आरटीओतून, निघण्याआधीच काढता येतो आणि एक वर्ष चालतो. बेटावर पोचल्यावर यावर काहीही उपाय नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या लोकांना तिथलं मूळ लायसन्स चालतं. परवाना न बघता चावी देणारा दुकानदार भेटू शकतो, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि खर्च तुमच्या अंगावर येतो. लायसन्स फक्त चारचाकीचं असेल तर त्यावर १२५ सीसी स्कूटर चालवता येईल असंही समजू नका.

रस्त्याचं म्हणाल तर इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहतं. चूक होते ती पेट्रोल भरून बाहेर पडताना आणि मोकळ्या चौकात डावीकडे वळताना. किनाऱ्याजवळ डांबरावर वाळू असते, डोंगरी वळणांवर वाऱ्याचे झोत आडवे येतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने हे सगळं पहिल्याच दिवशी अंगावर घेऊ नये.

मग बसचं कसं?

बसचं नाव केतेल. तिकीट चढण्याआधी घ्यायचं, थांब्यावरच्या खिडकीवर, मशीनवर किंवा जवळच्या दुकानात. जवळच्या किनाऱ्यांचं भाडं दोन युरोंच्या आसपास. उन्हाळ्यात आयिओस प्रोकोपिओस, आया आन्ना आणि प्लाका या किनाऱ्यांच्या मार्गावर दिवसभर बसेस असतात. डोंगरातल्या गावांना मात्र दिवसाला मोजक्याच फेऱ्या, रविवारी त्याहून कमी. जाताना परतीच्या शेवटच्या बसची वेळ पाहिल्याशिवाय बसू नका.

नावांची एक गंमत: पाटीवर रोमन लिपीत ‘अगिओस’ वाचलं जातं, पण लोक ‘आयिओस’ म्हणतात. ‘अगिया अन्ना’ म्हणून विचारलंत तर समोरचा क्षणभर गोंधळतो, ‘आया आन्ना’ म्हटलंत की लगेच हात करून दाखवतो.

दुपारी सगळं बंद का दिसतं?

साधारण अडीच-तीन ते साडेपाच हा विश्रांतीचा वेळ. पर्यटकांची दुकानं उघडी असतात, पण औषधांची आणि गावातली रोजची दुकानं बंद होतात. या वेळात लोकांच्या दारात मोठ्याने बोलणं चांगलं दिसत नाही. संध्याकाळी गाव पुन्हा जागं होतं. रात्रीचं जेवण नऊनंतर. सातला गेलात तर टेबल लगेच मिळतं, एकट्याला तेच सोयीचं.

पोहायला कुठे जावं? एकट्याने सामान कुठे ठेवावं?

पहिल्या दिवशी आयिओस योर्यिओस. होरापासून दहा-पंधरा मिनिटं चालत, वाळूचा तळ, पाणी बरंच अंतर कमरेइतकंच. समुद्रात पोहायची सवय नसलेल्यांना हाच किनारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा वाहतो. तो बहुधा दुपारकडे जोर धरतो, म्हणून पाण्यात सकाळी उतरणं चांगलं. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला विंडसर्फिंगवाले असतात, त्यांच्या वाटेत पोहू नका. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी खांदे भाजलेले कळतात.

खडकांवर उघड्या पायांनी चालू नका. काळे, काटेरी समुद्री साळू खाचांत बसलेले असतात. काटा मोडला तर दाबून काढायला जाऊ नका, तो आत तुकडे होतो. कोमट पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये पाय बुडवून मऊ करा, मग चिमट्याने काढा.

सामानाबाबत: पासपोर्ट खोलीत, फोन आणि थोडे पैसे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. खुर्ची-छत्रीचं भाडं सहसा दोन खुर्च्यांच्या जोडीचं असतं, एकट्यालाही तेच पडतं. दर आधी विचारा. किनारा सगळ्यांचा आहे, मोकळ्या वाळूत पंचा पसरायला पैसे लागत नाहीत.

शाकाहारी माणसाचं भागतं का?

उत्तम भागतं, फक्त योग्य शब्द हवेत. ‘इमे होर्तोफागोस’ म्हणजे मी शाकाहारी आहे. पण शाकाहाराची कल्पना माणसागणिक बदलते, म्हणून पुढे जोडा: ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’, मांस नको, मासे नकोत. अंडं चालत नसेल तर ‘होरीस आवगो’. सूप आणि भात मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकतात. त्या पाण्याला ‘झोमोस’ म्हणतात, तेही विचारा.

काय मागवायचं? ‘फावा’ म्हणजे पिवळ्या वाटाण्याची डाळ घोटून केलेला घट्ट गोळा. वर ऑलिव्ह तेल, कांदा, लिंबू. घट्ट वरण आवडणाऱ्याला तो पहिल्या घासातच आपला वाटतो. ‘रेविथाडा’ म्हणजे मंद आचेवर भट्टीत शिजवलेले छोले, ‘यिगांतेस’ म्हणजे टोमॅटोत भाजलेले घेवड्याचे मोठे पांढरे दाणे. ‘होर्ता’ ही उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून खायची. ‘ब्रिआम’ म्हणजे भट्टीतली वांगी, बटाटा, दुधी जातीची भाजी. ‘येमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. यात कधी खिमाही घालतात. बिनखिम्याच्या येमिस्ताला ग्रीक लोक ‘ओर्फाना’ म्हणतात, म्हणजे पोरके! हा शब्द वापरलात तर वाढणारा खूश होतो.

चर्चच्या उपवासाच्या जेवणाला ‘निस्तिसिमो’ म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कोळंबी-माकूल चालतात, हे लक्षात ठेवा. तळलेले बटाटे नाक्सोसची शान आहेत. तेल मात्र मासे तळलेलं असू शकतं. ग्राविएरा हे इथलं प्रसिद्ध चीज मुख्यतः गाईच्या दुधाचं, पण दूध फाडायला प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरतात. काटेकोर पाळणाऱ्यांनी ते टाळावं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं काम अवघड आहे. त्यांनी बाजारातून फळं, दही, पाव, काकडी घ्यावी. इथलं दही फार चांगलं असतं.

ब्रेडची टोपली न मागता येते आणि तिचे पैसे लागू शकतात. नको असेल तर लगेच परत द्या. बिलाची पावती, ‘आपोदिक्सी’, घ्याच. पावती न दिल्यास ग्राहकावर पैसे देण्याचं बंधन नाही, अशी पाटी हॉटेलांत लावलेली दिसेल.

‘ने’ म्हणजे हो?

होय, आणि मराठी कानाला हे जड जातं. ‘ने’ म्हणजे हो, ‘ओही’ म्हणजे नाही. ‘खोली आहे का?’ विचारल्यावर ‘ने, ने’ ऐकून अनेक जण माघारी वळतात. मान वर करून जिभेने ‘च्च’ केलं तर तो नकार असतो.

पोर्ताराला कधी जावं?

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी. जूनअखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरच्या मध्याला साडेसातच्या आसपास. पोर्तारा म्हणजे बंदराजवळच्या पालातिया या टेकडीवजा बेटावरची संगमरवरी चौकट, सुमारे ६ मीटर उंच. इसवी सन पूर्व ५३० च्या सुमारास लिग्दामिस या सत्ताधीशाने अपोलोचं भव्य मंदिर बांधायला घेतलं आणि ते अर्धवट राहिलं. पुढे व्हेनिसच्या लोकांनी इथला दगड गावातला किल्ला बांधायला नेला. चौकटीच्या एकेका शिळेचं वजन वीसेक टन, म्हणून ती जागेवर राहिली. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही.

तिथे जाणारा बांध अरुंद आहे. मेल्तेमी जोरात असला की लाटा बांधावरून येतात आणि दगड शेवाळल्यासारखा निसरडा होतो. रबरी चपलेपेक्षा पकड असलेले बूट घाला. पुढच्या बाजूला प्रचंड गर्दी असते. टेकडीच्या मागच्या अंगाला, समुद्राकडे, खडकावर बसायला निवांत जागा मिळते. परतताना मोबाइलचा टॉर्च लागतो.

कास्त्रोच्या गल्ल्यांत वाट चुकली तर?

चुकतेच. कास्त्रो म्हणजे १२०७ मध्ये व्हेनिसच्या मार्को सानुदोने वसवलेला किल्ल्याचा भाग, त्यात कमानींखालून जाणाऱ्या गल्ल्या. चढत गेलात तर किल्ला, उतरत गेलात तर बंदर. दुसरी खूण लागत नाही.

पैसे रोख किती ठेवावेत?

साठ-सत्तर युरो पुरतात, कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. एटीएम ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा आणि युरोच निवडा. रुपयांचा दर नेहमी तोट्याचा असतो. शक्यतो बँकेच्या शाखेचं एटीएम वापरा, पर्यटन भागातली सुटी यंत्रं जास्त शुल्क घेतात.

नळाचं पाणी, चार्जर?

पिण्यासाठी बाटलीचं पाणी घ्या. आपली बारीक दोन पिनांची चार्जरची पिन बसते, तीन पिनांची नाही.

एकट्या बाईने यावं का?

यावं. होरात रात्री बारापर्यंत कुटुंबं, मुलं, आजीआजोबा रस्त्यावर असतात. काळजी घ्यायची ती बेटाची नाही, अंतराची: दूरच्या किनाऱ्यावरून शेवटची बस चुकली तर अंधारात चालत येऊ नका. टॅक्सी मोजक्याच आहेत, त्यामुळे घरमालकाचा नंबर जवळ असू द्या.

वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर?

बंदर अधिकारी वाऱ्याच्या जोरानुसार बोटी थांबवतात, याला ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात. पैसे परत मिळतात किंवा तारीख बदलून मिळते, पण त्यासाठी तिकीट कचेरीत जावं लागतं. भारतात परतायचं विमान आणि बेटावरून सुटणारी बोट यांच्यात एक पूर्ण दिवस ठेवा. उन्हाळ्यात तर हे अजिबात सोडू नका.

रात्री दुखलंखुपलं तर?

११२ हा क्रमांक सगळ्यासाठी, रुग्णवाहिकेसाठी १६६. होरात सरकारी रुग्णालय आहे. औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. दुकान बंद असलं तरी आज कोणतं उघडं आहे याची चिठ्ठी दारावर लावलेली असते. अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध भारतातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका, तिथे त्यावर निर्बंध आहेत.

दुसऱ्या दिवसासाठी आदल्या रात्री एकच गोष्ट ठरवायची तर?

सकाळची आपीरान्थोसची बस. साधारण तासाभराची वाट हाल्की आणि फिलोती गावांवरून जाते. परतताना हाल्कीला उतरलात तर १८९६ पासूनची एक गाळपशाळा बघता येते. तिथे कित्रोन हे मद्य महाळुंगाच्या पानांपासून काढतात. हिरवं सगळ्यात गोड आणि सौम्य, पिवळं सगळ्यात कडक. आपल्याकडे महाळुंगाचं फळच तेवढं वापरतात, इथे पानांना भाव आहे. पुढची बस किती वाजता, ते उतरतानाच चालकाला विचारून घ्या.